२४ सेन्सर, ४० मीटर केबल आणि उणे १२७ अंश तापमान

खटपट्या

नमस्कार मंडळी. चार दिवस डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून शेवटी धागा काढतोय.

पॉलिहाऊसमध्ये तापमान, हवेतली आर्द्रता आणि मातीतला ओलावा मोजायचाय. एका टोकाला खोली आहे, तिथे ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर). तिथून ४० मीटरवर, पॉलिहाऊसच्या मधोमध एक जंक्शन बॉक्स. खोलीपासून बॉक्सपर्यंत दोन कॅट-५ई केबल (नेटवर्कची, पिळलेल्या चार जोड्यांची) टाकल्यात. बॉक्सपासून चहूकडे फाटे निघतात, प्रत्येक साधारण ८ मीटरचा. फाट्यांच्या टोकाला २४ डीएस१८बी२० (तापमान), ४ एसएचटी३१ (आर्द्रता) आणि ६ कपॅसिटिव्ह मॉइश्चर सेन्सर. सगळ्यांना सप्लाय ईएसपीच्या बोर्डावरच्याच ३.३ व्होल्टचा, केबलच्या एका जोडीवरून.

टेबलावर सगळं सुतासारखं सरळ चाललं. जागेवर नेलं आणि तमाशा सुरू. डीएस१८बी२० चे ४.७ के (किलोओहम) पुल-अपवर, म्हणजे डेटाची तार वर ओढून धरणाऱ्या रेझिस्टरवर, तीन फाटे जोडले तोवर ठीक होतं, चौथा-पाचवा जोडला की कोणीतरी गायब. पुल-अप २.२ के केला तर दहा-अकरापर्यंत मजल गेली, पुढे पुन्हा तेच. रीडिंग कधी उणे १२७, कधी नेमकं ८५. एसएचटी३१ तर एकही दिसत नाही. मातीचे आकडे नाचतात, आणि फॉगरचा (धुकं फवारणाऱ्या यंत्रणेचा) पंप सुरू झाला की जास्तच नाचतात.

एका मायक्रोकंट्रोलरला इतके सेन्सर इतक्या लांबून जोडायचे तर लोक नक्की करतात काय? आणि २४ डीएस१८बी२० एका पिनवर बसतात हे खरं की थाप?

मिणमिणता दिवा

रुमाल टाकून ठेवतो. माझेही आठ सेन्सर याच कारणासाठी डब्यात पडून आहेत.

शून्यप्रहर

उणे १२७ अंशांत काय लावलंय म्हणे पॉलिहाऊसमध्ये? :)

सोल्डरताई

शून्यप्रहर, हसू नका, त्या दोन आकड्यांतच अर्धं निदान आहे.

खटपट्या, उणे १२७ हे तापमान नाही, ती लायब्ररीची (सेन्सर वाचणाऱ्या तयार कोडची) बोंब आहे: 'सेन्सरने उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर सीआरसीत (चूक पकडणाऱ्या तपासणी-आकड्यात) बसलं नाही'. ८५ मात्र सेन्सरच पाठवतो. डीएस१८बी२० ला वीज मिळाली की त्याच्या तापमानाच्या रजिस्टरात ८५ भरलेलं असतं. कन्व्हर्जन (मोजणी) पूर्ण झालं की तिथे खरा आकडा येतो. १२ बिटला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे ८५ आलं तर एक तर तुम्ही थांबला नाहीत, नाहीतर कन्व्हर्जन चालू असताना सप्लाय इतका खाली गेला की सेन्सर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

थोडक्यात, उणे १२७ आलं तर डेटाची तार बघा, ८५ आलं तर सप्लायची. तुमच्याकडे दोन्ही दुखणी दिसताहेत. बॉक्समध्ये मीटर लावून व्होल्टेज बघितलंत का? रीडिंग चालू असताना, नुसतं नाही.

गुंतवळ

एवढी तार कशाला ओढत बसायची? प्रत्येक कोपऱ्यात एक छोटा ईएसपी, ईएसपी-नाऊवर (ईएसपींच्या आपापसातल्या वायरलेसवर) डेटा. केबल नाही, पुल-अप नाही, कटकट नाही.

तारेवरची कसरत

आणि प्रत्येक कोपऱ्यातली बॅटरी कोण बदलणार? :) सप्लायला तार न्यायचीच असेल तर तिच्याच शेजारून डेटाच्या दोन तारा नेल्या म्हणून काय बिघडतं?

गुंतवळ

डीप स्लीपमध्ये ठेवलं तर बॅटरी महिनोन् महिने जाते. दर पंधरा मिनिटांनी उठायचं, रीडिंग पाठवायचं, झोपायचं.

तारेवरची कसरत

फॉगर त्याच रीडिंगवर चालू-बंद करायचा असेल तर पंधरा मिनिटं झोपणारा सेन्सर काय कामाचा? शिवाय आत कायम दमट. बॅटरीचे कॉन्टॅक्ट हिरवे पडतात, तेव्हा बॅटरी भरलेली असूनही उपयोग नसतो. वायरलेसला माझा विरोध नाही. पण इथे केबल आधीच टाकलेली आहे.

ओहमकार

धागा वाचून वही काढली. खटपट्या, तुमचा अनुभव आकड्यांत इतका चपखल बसतोय की हेवा वाटला.

कॅट-५ई च्या एका जोडीत मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. वन-वायरमध्ये (डीएस१८बी२० च्या एकाच डेटा-तारेच्या पद्धतीत) ओळ खाली ओढायचं काम चिप करते, पण वर न्यायचं काम एकटा पुल-अप रेझिस्टर करतो, आणि तो ही सगळी केबल चार्ज करत बसतो. वाचताना मास्टर (इथे ईएसपी३२) ओळ क्षणभर खाली ओढून सोडतो आणि स्लॉट (एका बिटचा वेळ) सुरू झाल्यापासून १५ मायक्रोसेकंदांच्या आत बघतो की ओळ वर आली का. नेहमीची वन-वायर लायब्ररी सोडल्यानंतर १० मायक्रोसेकंदांनी बघते. तोवर ओळ निम्म्या व्होल्टेजपर्यंत तरी पोचायला हवी, आणि त्याला आरसी (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) गुणिले ०.७ इतका वेळ लागतो.

आता तुमचे तीन फाटे: ४० अधिक २४ म्हणजे ६४ मीटर, ३.२ नॅनोफॅरड. ४.७ के ने गुणलं तर १५, त्याचं ०.७ म्हणजे १०.५ मायक्रोसेकंद. अगदी काठावर. चौथा फाटा जोडला की ११.८, गेलं. २.२ के वर अकरा फाटे म्हणजे १२८ मीटर, ९.९ मायक्रोसेकंद. बारावा जोडला की १०.५. तुम्ही 'दहा-अकरापर्यंत मजल' लिहिलंय!

चोवीसच्या चोवीस जोडले तर २३२ मीटर, ११.६ नॅनोफॅरड. १ के लावला तर कागदावर ८ मायक्रोसेकंदांत बसतं. पण १ के म्हणजे चिपला ३.३ मिलिअँपिअर ओढावे लागणार, तिची हमी ४ पर्यंतची. कागदावर पास, जागेवर नापास व्हायची लक्षणं.

शून्यप्रहर

ओहमकारांनी बाराव्या फाट्याचं भविष्य वर्तवलं. पत्रिका बघायला कधी येऊ? :)

मिणमिणता दिवा

ओहमकार, एक बाळबोध प्रश्न. तुम्ही सगळे फाटे बेरजेत धरलेत. पण सिग्नल तर एका वेळी एकाच सेन्सरकडे जातो ना?

ओहमकार

बाळबोध अजिबात नाही, हाच तर घोटाळा आहे. सिग्नलला पत्ता कळत नाही, पत्ता सेन्सरला कळतो. ६४ बिटांचा कोड सगळेच ऐकतात, ज्याचा आहे तो बोलतो, बाकीचे गप्प. पण गप्प बसलेल्यांची तारसुद्धा चार्ज करावीच लागते. एका टाकीतून चोवीस नळ्या निघाल्यात आणि तोट्या सगळ्या नळ्यांच्या टोकाला आहेत असं समजा. पाणी एकाच तोटीतून हवं असलं तरी आधी सगळ्या नळ्या भरणार.

आणि हे फक्त कपॅसिटन्सचं झालं. प्रत्येक फाट्याच्या टोकाला आपटून सिग्नल परत येतो ते वेगळंच. म्हणून वन-वायरला ताऱ्यासारखी मांडणी चालत नाही, एका सरळ तारेवर ओळीने सेन्सर हवेत.

जुना खांब

ताऱ्याची सरळ ओळ करता येते. फाट्याच्या केबलमध्ये चार जोड्या असतात. एका जोडीने डेटा सेन्सरपर्यंत न्यायचा आणि दुसऱ्या जोडीने परत बॉक्सात आणून पुढच्या फाट्यात सोडायचा. दिसायला तारा, विजेच्या दृष्टीने एकच सलग ओळ. मी अनेक वर्षांपूर्वी अशी मांडणी केली होती, उत्तम चालली.

ओहमकार

खांबकाका, युक्ती छान आहे. आपटून परत येणारा सिग्नल तिने आटोक्यात येतो. पण प्रत्येक फाटा जाऊन-येऊन १६ मीटरचा झाला. २४ गुणिले १६ अधिक ४० म्हणजे ४२४ मीटर, २१ नॅनोफॅरड. १ के लावूनही १५ मायक्रोसेकंद. इथे एक दुखणं बरं करताना दुसरं वाढतंय. तुमच्याकडे किती सेन्सर होते?

जुना खांब

सहा. फाटेही तीन-तीन मीटरचेच होते. तुमचा मुद्दा मान्य.

रेघोट्या

एसएचटी३१ बद्दल कोणीच बोलेना म्हणून मी लिहितो. ते दिसत नाहीत यात नवल नाही, दिसले असते तर नवल. आय-टू-सी (एसएचटी३१ ज्यावर बोलतो ती दोन तारांची पद्धत) फिलिप्सने १९८२ मध्ये काढलं ते एकाच बोर्डावरच्या चिपांनी आपापसात बोलावं म्हणून. साध्या १०० किलोहर्ट्झलाही ओळीवरच्या कपॅसिटन्सची मर्यादा ४०० पिकोफॅरड. ओहमकारांच्याच हिशोबाने ही सगळी मर्यादा ८ मीटर कॅट केबल एकटीच खाते. तुमची मुख्य केबलच ४० मीटर.

त्यात एसएचटी३१ ला पत्ते दोनच, हेक्साडेसिमल ४४ आणि ४५. चार सेन्सर एका ओळीवर बसणारच नाहीत. टेबलावर चारही एकदम चालवले होतेत का?

आणि एक विचारतो, एसडीए (डेटा) आणि एससीएल (क्लॉक) एकाच पिळाच्या जोडीत घातलेत ना?

खटपट्या

टेबलावर दोन-दोन करून तपासले होते, खोटं कशाला बोलू.

आणि हो, एसडीए आणि एससीएल एकाच जोडीत. निळी आणि निळी-पांढरी. शेजारी शेजारी नीट दिसतील म्हणून.

रेघोट्या

वाटलंच. सगळे पहिल्यांदा हेच करतात, मीही केलं होतं. पिळलेल्या जोडीतल्या दोन तारा एकमेकींच्या सगळ्यात जवळ असतात, म्हणजे क्लॉकचा प्रत्येक धक्का डेटाला लागतो. एका जोडीत एसडीए आणि ग्राउंड, दुसरीत एससीएल आणि ग्राउंड, असं हवं. पण ४० मीटरला त्यानेही भागणार नाही. डिफरेन्शियल बफर (सिग्नल दोन तारांमधल्या फरकात बदलून पाठवणारे) मिळतात, पीसीए९६१५ सारखे, दोन्ही टोकांना एकेक. मी मात्र आय-टू-सी ला इतका प्रवास घडवणार नाही.

खटपट्या

सोल्डरताई, मीटर लावला. बॉक्समध्ये नुसतं ३.१ व्होल्ट. रीडिंगची आज्ञा गेली की क्षणभर २.९३ पर्यंत उतरतं आणि परत वर.

सोल्डरताई

सापडलं ८५. डीएस१८बी२० ला कमीत कमी ३.० व्होल्ट लागतात.

हिशोब असा. २४ गेजच्या तांब्याचा रेझिस्टन्स मीटरमागे ०.०८४ ओहम. ४० मीटर जाऊन-येऊन ८० मीटर, ६.७ ओहम. मातीचे सहा सेन्सर प्रत्येकी साधारण ५ मिलिअँपिअर म्हणजे ३०, ते कायम चालू. तिथेच ०.२ व्होल्ट गेले, उरले ३.१. मग लायब्ररी सगळ्या डीएस१८बी२० ना एकदम 'मोजा' म्हणते आणि चोवीसही जण प्रत्येकी १ ते दीड मिलिअँपिअर एकाच वेळी ओढतात.

तात्पुरता उपाय म्हणजे एकेकाला पत्त्याने हाक मारून मोजायला लावा. पण २४ गुणिले पाऊण सेकंद म्हणजे एक फेरी १८ सेकंदांची. खरा उपाय, सप्लाय १२ व्होल्टचा पाठवा आणि बॉक्समध्ये बक कन्व्हर्टरने खाली उतरवा. तेवढ्याच कामाला करंट निम्म्याहून कमी लागतो, आणि वाटेत अर्धा व्होल्ट गळला तरी कोणाला फरक पडत नाही.

मिणमिणता दिवा

वा! म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता, त्याला फीट येत होती.

शून्यप्रहर

हे सगळं टाळायला पीटी१०० (प्लॅटिनमचे रेझिस्टन्स-सेन्सर) लावायचे ना सरळ. कारखान्यात सगळीकडे तेच असतात.

तारेवरची कसरत

दोन तारांवर लावाल तर तोंडावर आपटाल. पीटी१०० चा रेझिस्टन्स अंशामागे ०.३८५ ओहम बदलतो. इथे ४८ मीटर केबल जाऊन-येऊन ८ ओहम, म्हणजे पीटी१०० ला वाटणार तापमान २१ अंशांनी जास्त आहे! म्हणून कारखान्यात तो तीन किंवा चार तारांवर असतो, तारेचा रेझिस्टन्स वजा करता यावा यासाठी. नाहीतर जागेवरच ट्रान्समीटर लावून ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये बदलतात. करंट म्हटल्यावर तार लांब असो की आखूड, आकडा तोच पोचतो. शिवाय शून्याची खूण ४ मिलिअँपिअर, म्हणजे तार तुटून ० आलं तर लगेच कळतं.

गंमत म्हणजे साधा १० के थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर) इथे पीटी१०० पेक्षा बरा. १० हजारात ८ ओहम मिळवले तर अंशाच्या दोन-तीन शतांशांचा फरक. पण चोवीस अ‍ॅनालॉग तारा ओढाव्या लागतील.

चौकसबुद्धे

अवांतर: केबल खरंच तांब्याची आहे ना, ते एकदा बघून घ्या. बाजारात कॅट केबल म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार सर्रास मिळते. ब्लेडने तार हलकेच खरवडा, आतून चंदेरी निघाली तर समजा गंडलात. तिचा रेझिस्टन्स दीडपटीच्या आसपास असतो, आणि दोन-तीनदा वाकवली की टर्मिनलपाशी कट्कन तुटते. दमट जागी तर जोडापाशी पांढरी पूड जमते.

खटपट्या

खरवडली. मुख्य केबल आत-बाहेर तांबूस. फाट्यांमधले चार मात्र दुसऱ्या वेटोळ्यातले, ते चंदेरी निघाले. :(

तारेवरची कसरत

ते चार बदलून टाका. आता मुद्द्याचं बोलतो.

आतापर्यंत सगळे 'लांब तारेवर सेन्सरची ओळ कशी चालवायची' हे सांगताहेत. ती चालवूच नका. त्या बॉक्समध्येच एक छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवा. सेन्सरशी जी काही कुजबुज करायची ती तो आठ मीटरच्या आत करेल. खोलीपर्यंत ४० मीटर जायचं काम आरएस-४८५ ला द्या, ते त्याचसाठी जन्माला आलंय. ते १२०० मीटरपर्यंत जातं, एका जोडीवर ३२ साधे ट्रान्सीव्हर (पाठवणाऱ्या-घेणाऱ्या चिपा) बसतात. दोन तारांमधला फरक मोजायचा असल्याने पंपाचा गोंगाट दोन्हींवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. वर मॉडबस आरटीयू (यंत्रांनी आपापसात बोलायची ठरलेली भाषा) बोला. ते १९७९ पासून चालत आलंय, सीआरसी आयता मिळतो, आणि उद्या दुसरं पॉलिहाऊस उभं राहिलं तर त्याच जोडीवर दुसरा बॉक्स.

ओहमकार

कसरतराव, माझ्या वहीतही हेच उत्तर आलं होतं, पण एक पाचर आहे. मायक्रोकंट्रोलर बॉक्समध्ये नेला तरी २४ गुणिले ८ म्हणजे १९२ मीटर उरतातच. ९.६ नॅनोफॅरड. ताऱ्याची मांडणी तशीच राहिली.

सोल्डरताई

एकाच पिनवर कशाला ठेवायचे पण? पिना काय बांधून न्यायच्यात? चार पिना, प्रत्येकीवर सहा सेन्सर. ४८ मीटर, २.४ नॅनोफॅरड, २.२ के वर ३.७ मायक्रोसेकंद. झोपेतही चालेल. प्रत्येक फाट्याच्या सुरुवातीला डेटात १०० ओहम घाला म्हणजे आपटून येणारा सिग्नलही मवाळ होतो.

ओहमकार

हे सुचायला हवं होतं मला. वही मिटली.

रेघोट्या

मग एसएचटी३१ चंही तिथेच मिटतं. टीसीए९५४८ए हा आठ वाटांचा आय-टू-सी मल्टिप्लेक्सर लावा. एका वेळी एकच वाट उघडी, त्यामुळे एकाच फाट्याचा कपॅसिटन्स बसवर येतो आणि चारही सेन्सरचा पत्ता एकच असला तरी भांडण नाही. आठ मीटर काठावर आहे, म्हणून क्लॉक २० किलोहर्ट्झवर आणा. आर्द्रता मिनिटात किती बदलणार आहे?

आणि एसडीए खाली अडकून बसलं तर रीसेटची वाट बघू नका. एससीएलला नऊ ठोके द्या, अडकलेली चिप आपला बाइट संपवून ओळ सोडते.

सोल्डरताई

बॉक्समध्ये ५ व्होल्टचा साधा अर्डुइनो नॅनो बसवा. वर लिहिलेले सगळे सेन्सर ५ व्होल्टवर चालतात. नॅनोला आठ अ‍ॅनालॉग पिना, त्यातल्या ए४ आणि ए५ आय-टू-सी ला गेल्या की उरतात नेमक्या सहा. मातीचे सेन्सर किती म्हणालात? :)

आरएस-४८५ साठी नॅनोकडे मॅक्स४८५, ईएसपीकडे मॅक्स३४८५. ईएसपी३२ ला ५ व्होल्ट दाखवू नका, तो ३.३ चाच आहे. आणि नॅनोत नवा प्रोग्रॅम चढवताना ट्रान्सीव्हरची तार काढा, तीच सिरियल पिन यूएसबीलाही लागते. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

गुंतवळ

बरं बाबा, हरलो. पण आरएस-४८५ ची ए आणि बी तार ओळखायची कशी? एकाची ए ती दुसऱ्याची बी असते असं ऐकलंय.

तारेवरची कसरत

बरोबर ऐकलंय. चिपा बनवणाऱ्यांचं आणि मूळ मानकाचं यावर कधी जमलंच नाही. नियम एकच: चाललं नाही तर उलटं जोडा. उलट जोडल्याने काही जळत नाही.

शून्यप्रहर

आणि उलटं जोडूनही चाललं नाही तर?

तारेवरची कसरत

तर ग्राउंडची तिसरी तार विसरलात. दोन तारांचं काम म्हणून लोक ती टाकतच नाहीत. दोन्ही टोकांच्या ग्राउंडमध्ये फरक पडून तारांवरचं व्होल्टेज ट्रान्सीव्हरच्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या बाहेर गेलं की ट्रान्सीव्हर गप्प होतो, कधी कायमचाच.

जुना खांब

आपटून येणारा सिग्नल शोषायला दोन्ही टोकांना १२० ओहमही लावावेत.

ओहमकार

खांबकाका, पुन्हा तुमच्याशीच वाद घालतोय, राग मानू नका. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. ४० मीटर जाऊन परत यायला सिग्नलला अर्धा मायक्रोसेकंदही लागत नाही. बिटच्या मध्यावर वाचेपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. इथे १२० ओहमपेक्षा बायसिंगचे दोन रेझिस्टर महत्त्वाचे, कोणीच बोलत नसताना ओळ तरंगू नये म्हणून.

जुना खांब

राग कसला. पण उद्या कोणी वेग वाढवला, केबल लांबवली, तर त्याच्या लक्षात राहणार आहे का? लावून ठेवलेले बरे.

तारेवरची कसरत

मी खांबकाकांच्या बाजूने. लावा, पण बायसिंगही लावा.

चौकसबुद्धे

पॉलिहाऊसचा सांगाडा लोखंडी आहे हे विसरू नका. जवळपास वीज कडाडली तरी ४० मीटर तारेत मोठा झटका येतो. आरएस-४८५ च्या दोन्ही टोकांना एसएम७१२ टीव्हीएस डायोड (झटका गिळणारे) आणि शक्य असेल तर खोलीकडे आयसोलेटेड ट्रान्सीव्हर. माझ्या एका मित्राचा बोर्ड असाच गेला. बाहेरून नवाकोरा, आतली एकही चिप जिवंत नाही.

आणि पंपाची केबल याच पाइपातून जात नाहीये ना?

खटपट्या

त्याच पाइपातून जाते. :(

चौकसबुद्धे

मग मातीचे आकडे का नाचतात ते वेगळं सांगायला नको. वेगळा पाइप, मध्ये वीतभर तरी अंतर, आणि जिथे ओलांडायचं तिथे काटकोनात.

खटपट्या

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. सगळं उपटलं आणि नव्याने मांडलं.

बॉक्समध्ये नॅनो, चार पिनांवर सहा-सहा डीएस१८बी२०, मल्टिप्लेक्सरवर चार एसएचटी३१, सहा अ‍ॅनालॉग पिनांवर मातीचे सहा. सप्लाय १२ व्होल्टचा, बॉक्समध्ये पोचतात ११.६, तिथे बकने ५. चार चंदेरी फाटे बदलले. पंपाची केबल वेगळ्या पाइपात. खोलीपर्यंत आरएस-४८५, ए-बी अर्थातच पहिल्यांदा उलटे जोडले होते.

त्यानंतरही दोन दिवस गेले. उत्तर यायचं, पण शेवटचा बाइट कापलेला, सीआरसी जुळेना. दोष माझाच. बफरमध्ये बाइट टाकले की लगेच ट्रान्समिटची पिन खाली करत होतो, तेव्हा शेवटचा बाइट वाटेतच असायचा. आधी फ्लश करून सगळं बाहेर पडेपर्यंत थांबलो, मग चाललं.

गेले पाच दिवस एकही उणे १२७ नाही, एकही ८५ नाही. २४ सेन्सर एका पिनवर बसतात का, तर सरळ ओळीत बसत असतील. माझ्या ताऱ्यात नाही बसले.

आता एकच शंका. २४ कोडांमधला कुठला सेन्सर कुठे आहे हे कसं ओळखायचं? आधी लेबल लावायला विसरलो.

सोल्डरताई

अभिनंदन! एकेक सेन्सर मुठीत धरा, स्क्रीनवर कोणाचा आकडा चढतो ते बघा, तिथल्या तिथे चिकटपट्टीवर नंबर. दोघं असाल तर अर्ध्या तासाचं काम.

मिणमिणता दिवा

वाचनखूण साठवली. माझे आठ आज डब्याबाहेर काढतो.

खटपट्या

सोल्डरताई, मूठ पद्धत झकास चालली. चोवीसही नंबर पडले. पण सतरा नंबर दुपारी शेजाऱ्यांपेक्षा ६ अंश जास्त दाखवतो, रात्री बरोबर. सेन्सर बदलून पाहिला, नवाही तेच दाखवतो. पिन बदलली, फाटा बदलला. काय राहिलं?

ओहमकार

कशाला बांधलाय तो?

खटपट्या

लोखंडी खांबाला, केबल-टायने. पश्चिमेच्या बाजूला.

तारेवरची कसरत

मग तो बिचारा बरोबरच सांगतोय. खांबाचं तापमान.

खटपट्या

हात लावून आलो. पोळला.